जपानी आरमाराच्या पॅसिफिक युद्धनीतीचा अभ्यास कसा मांडावा

नाशिकमध्ये युद्धेतिहासाची आवड असणाऱ्यांची वानवा नाही. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना आहे, भोसला सैनिकी शाळेतील मुले संरक्षण दलांच्या परीक्षांची तयारी करतात आणि सार्वजनिक वाचनालयासारखी जुनी संस्था हाताशी आहे. तरीही अभ्यासमंडळात पॅसिफिक युद्धाचा विषय निघाला की चर्चा पर्ल हार्बर, मिडवे आणि अणुबॉम्ब एवढ्यावर आटोपते आणि जपान का हरला याचे उत्तर ‘अमेरिका श्रीमंत होती’ या एका वाक्यात दिले जाते. हे उत्तर खोटे नाही, परंतु त्यातून जपानी नौदलाच्या विचारात नेमके काय चुकले ते कळत नाही. ज्या मंडळाला हा विषय चार-पाच बैठकांत नीट समजून घ्यायचा आहे, त्याच्या संयोजकासाठी पुढील मांडणी आहे.

सर्व बैठकांत एकच प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा: जपानी नौदलाने ज्या युद्धाची तयारी केली आणि जे युद्ध त्याला प्रत्यक्ष लढावे लागले, ती दोन्ही एकच होती का? पुढे येणारी प्रत्येक लढाई, प्रत्येक जहाज आणि प्रत्येक नेमणूक या प्रश्नावर घासून पाहावी. असे केले नाही तर विषय जहाजांच्या नावांची यादी होऊन बसतो.

सुरुवात १९०५ पासून

पहिली बैठक १९४१ पासून सुरू करू नये. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत अॅडमिरल तोगो यांनी रशियाचे बाल्टिक समुद्रातून अर्धी पृथ्वी वळसा घालून आलेले आरमार दोन दिवसांत बुडवले, आणि या विजयाने जपानी नौदलाची पुढील चाळीस वर्षांची विचारपद्धती ठरवून टाकली. शत्रू दुरून, थकून येईल. आपण त्याला आपल्या अंगणात गाठू. एका निर्णायक लढाईत युद्धाचा निकाल लागेल, असा तो विचार होता. पुढे अमेरिका हा संभाव्य शत्रू ठरल्यावर त्याच साच्यात नवी योजना बसवण्यात आली. अमेरिकी ताफा पॅसिफिक ओलांडू लागला की पाणबुड्या, बेटांवरील बॉम्बफेकी विमाने आणि रात्री टॉर्पेडो सोडणाऱ्या विनाशिका त्याचे लचके तोडतील आणि उरलेल्या ताफ्याला बॅटलशिप, म्हणजे प्रचंड तोफांच्या चिलखती युद्धनौका, संपवतील.

येथे १९२२ च्या वॉशिंग्टन कराराचा उल्लेख अवश्य करावा. त्या कराराने अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्या मोठ्या युद्धनौकांचे प्रमाण ५:५:३ असे बांधून दिले. जपानी नियोजकांच्या हिशेबाप्रमाणे अमेरिकेच्या ७० टक्के आरमार हाती असेल तरच बचावाचे युद्ध जिंकता येणार होते आणि पदरात पडले ६० टक्के. संख्येतील ही तूट गुणवत्तेने भरून काढायची, या हट्टातून यामातो वर्गाच्या बॅटलशिपवरील ४६ सेंटिमीटर व्यासाच्या तोफा आल्या, ऑक्सिजनवर चालणारा ६१ सेंटिमीटरचा टॉर्पेडो आला आणि अहोरात्र कवायत करणारे मोजके, निवडक वैमानिक आले. सहभागींना ही साधने वाईट होती असे मुळीच वाटू देऊ नये. तो टॉर्पेडो त्या काळात जगात सर्वोत्तम होता आणि १९४२ मधील रात्रीच्या लढायांत त्याने अमेरिकी क्रूझरांची, म्हणजे बॅटलशिपहून लहान युद्धनौकांची, दैना केली. ही साधने त्सुशिमाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी घडवली होती, आणि ती आवृत्ती कधी निघालीच नाही.

नकाशा नाशिकवर ठेवावा

सह्याद्रीच्या या बाजूला वाढलेल्या माणसाला समुद्रातील अंतरांचा अंदाज येत नाही, म्हणून दुसऱ्या बैठकीत भारताच्या नकाशावर नाशिक केंद्र धरून वर्तुळे काढावीत. यामातोच्या तोफेचा कमाल पल्ला सुमारे ४२ किलोमीटर होता, म्हणजे नाशिकहून इगतपुरीपर्यंत. विमानवाहू नौकेवरील विमाने साडेतीनशे किलोमीटरवर सहज हल्ला करून परतत, म्हणजे अकोल्यापर्यंत. एवढी दोन वर्तुळे काढली की बॅटलशिपचे दिवस का भरले होते यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. गंमत अशी की हे जगाला सर्वांत आधी दाखवून देणाऱ्यांत जपानच होता: १० डिसेंबर १९४१ रोजी त्याच्या किनाऱ्यावरील तळांवरून उडालेल्या विमानांनी मलायाजवळ ब्रिटिशांच्या प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या दोन मोठ्या युद्धनौका बुडवल्या. तरीही यामातो त्याच महिन्यात आरमारात दाखल झाली.

तिसरे वर्तुळ रबाउल हा न्यू ब्रिटन बेटावरील जपानी तळ ते सॉलोमन बेटांतील ग्वादलकनाल या अंतराचे काढावे. ते सुमारे हजार किलोमीटर आहे, म्हणजे नाशिक ते दिल्ली हे हवाई अंतर जवळपास तेवढेच. ऑगस्ट १९४२ पासून पुढील सहा महिने ग्वादलकनालवरील लढाईसाठी झीरो या जपानी लढाऊ विमानांचे वैमानिक तेवढे अंतर उडून जात, थोडा वेळ लढत आणि तेवढेच अंतर परत येत. ज्याच्या विमानाला वाटेत गोळी लागली, त्याला बहुधा समुद्रच मिळे, कारण पल्ला वाढवण्यासाठी हलक्या ठेवलेल्या झीरोला चिलखत नव्हते आणि तिच्या इंधनटाक्या गोळी लागल्यावर आपोआप बुजणाऱ्या नव्हत्या.

नाशिकच्या बैठकीत या टप्प्यावर कोणी ना कोणी अंदमानचा विषय काढतोच, कारण भगूरचे सावरकर तेथे बंदिवासात होते आणि मार्च १९४२ मध्ये जपानने ती बेटे घेतली. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो, त्रिंकोमाली, विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे बॉम्ब पडले, हेही सांगितले जाते. हा विषय टाळू नये, पण भावनेवर सोडूही नये. पर्ल हार्बरवर गेलेल्या सहांपैकी पाच विमानवाहू नौका हिंदी महासागरात उतरल्या, त्यांनी ब्रिटिशांची हर्मिस ही विमानवाहू नौका आणि दोन क्रूझर बुडवल्या आणि त्या परत गेल्या. या मोहिमेतून जपानने नेमके काय पदरात पाडून घेतले, असे सहभागींना विचारावे.

जहाजांची वही

सर्वांत जास्त वेळ या बैठकीला द्यावा, लढायांना नव्हे. जुलै १९४१ च्या अखेरीस अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि तेल बंद केले. जपानचे सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येत होते, त्यामुळे सुमात्रा आणि बोर्निओ येथील तेलविहिरी घेणे हे युद्धाचे प्रत्यक्ष उद्दिष्ट बनले. त्या विहिरी १९४२ च्या पहिल्या काही महिन्यांत हातीही आल्या. परंतु सुमात्रातील पालेम्बांगचे तेल पालेम्बांगला राहून उपयोगाचे नव्हते. ते टँकरमध्ये भरून हजारो किलोमीटर उत्तरेला न्यावे लागत होते.

या बैठकीत चार जणांना चार भूमिका द्याव्यात: नौदल, लष्कर, नागरी उद्योग आणि जहाजबांधणी. युद्धाच्या प्रारंभी जपानकडे सुमारे ६० लाख टनांची व्यापारी जहाजे होती आणि नागरी अर्थव्यवस्था चालू ठेवण्यासाठी किमान ३० लाख टन लागतील, असा जपानचाच अंदाज होता. हे ६० लाख टन या मंडळींनी आपापसांत वाटून घ्यावेत. दहा मिनिटांत वाद सुरू होतो, आणि तो व्हायलाच हवा, कारण तोक्योमध्ये तोच वाद अखेरपर्यंत चालला. लष्कर, नौदल आणि नागरी खाते यांची जहाजे वेगवेगळी ठेवली गेली, त्यामुळे एकाचे जहाज माल उतरवून रिकामे परत येई आणि दुसऱ्याचा माल त्याच बंदरात पडून राही.

त्यानंतर वहीत दरवर्षीची घट आणि भर लिहावी. १९४२ मध्ये सुमारे ११ लाख टन बुडाले आणि सुमारे पावणेतीन लाख टन नवे बांधले गेले. १९४३ मध्ये १८ लाख गेले आणि पावणेआठ लाखांच्या आसपास आले. १९४४ मध्ये ३८ लाखांहून अधिक गेले आणि १७ लाख आले. हिशेब सहभागींनाच करू द्यावा. पकडलेली जहाजे बाजूला ठेवली तर १९४४ अखेर मूळ आकडा निम्म्याच्याही बराच खाली येतो आणि नागरी उद्योगाचे ३० लाख कोठून द्यायचे, याला उत्तर उरत नाही.

यातील निम्म्याहून अधिक टनभार अमेरिकी पाणबुड्यांनी बुडवला, आणि त्या पाणबुड्यांवर अमेरिकी नौदलातील सुमारे दोन टक्केच माणसे होती. आणखी नवल म्हणजे १९४३ च्या शरद ऋतूपर्यंत त्यांचे टॉर्पेडो धड फुटत नव्हते. ते ठरवलेल्या खोलीपेक्षा खालून जात किंवा जहाजाला धडकूनही शांत राहत. जपानला जवळपास दोन वर्षांची सवलत मिळाली होती. या काळात व्यापारी जहाजांना संरक्षण देणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहायला हवी होती, पण एस्कॉर्ट ताफ्यांचे एकत्रित मुख्यालय स्थापन झाले नोव्हेंबर १९४३ मध्ये. मालवाहू जहाजांबरोबर सावकाश चालणे हे निर्णायक लढाईसाठी घडवलेल्या अधिकाऱ्याला कमीपणाचे वाटे. त्याच मनोवृत्तीतून जपानी पाणबुड्यांना प्रामुख्याने शत्रूच्या युद्धनौका शोधायला पाठवले गेले आणि कॅलिफोर्नियाहून हवाईला व तेथून पुढे जाणारी रसद बरीचशी निर्धास्त राहिली. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात तेलाच्या टाक्या आणि दुरुस्तीच्या गोद्या शाबूत राहिल्या, हेही याच पानावर लिहावे.

मिडवेला किती महत्त्व द्यावे

जून १९४२ मधील मिडवेची लढाई सर्वांना ऐकून माहीत असते, म्हणून तेथे संयोजकाने घटनाक्रम सांगण्यात वेळ घालवू नये. आकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू या चार विमानवाहू नौका गेल्या, एवढे पुरे. चर्चा दोन गोष्टींवर न्यावी.

पहिली गोष्ट महिनाभर आधीच्या कोरल समुद्राच्या लढाईची. तेथे जपानच्या शोकाकू या विमानवाहू नौकेचे नुकसान झाले आणि झुइकाकू ही दुसरी शाबूत राहिली, मात्र तिची विमाने आणि वैमानिक खर्ची पडले. जपानी पद्धतीत वैमानिकांचे पथक त्या त्या नौकेशी बांधलेले असे, त्यामुळे झुइकाकू मिडवेला न जाता बंदरात थांबली. अमेरिकेची यॉर्कटाउनही त्याच लढाईत जखमी झाली होती. पर्ल हार्बरच्या गोदीत तिची सुमारे तीन दिवसांत कामचलाऊ डागडुजी झाली, साराटोगा या दुसऱ्या विमानवाहू नौकेची पथके तिच्यावर चढवली गेली आणि ती मिडवेला हजर राहिली. जी गोदी डिसेंबरमध्ये वाचली होती, तीच ही. माझ्या मते मिडवेचा निम्मा अभ्यास या एका तुलनेत होतो.

दुसरी गोष्ट योजनेची. जपानच्या संयुक्त आरमाराचे सरसेनापती अॅडमिरल यामामोतो यांनी ताफ्याचे अनेक तुकडे करून ते एकमेकांच्या मदतीला येऊ शकणार नाहीत इतके दूर ठेवले. दोन छोट्या विमानवाहू नौका अल्यूशन बेटांकडे गेल्या आणि यामातोवर बसलेले स्वतः यामामोतो कित्येक तास मागे राहिले. अमेरिकेने जपानी सांकेतिक संदेश फोडलेले असल्याने अचानकपणा तर आधीच संपला होता. यामामोतो यांना द्रष्टा सेनानी म्हणून जो मान आपल्याकडे दिला जातो, तो या योजनेकडे पाहून थोडा कमी करायला हरकत नाही.

मिडवेला जपानचे उत्तमोत्तम वैमानिक संपले, हा समज मात्र खोडून काढावा. तेथे सुमारे ११० वैमानिक व हवाई कर्मचारी मारले गेले. खरी झीज सॉलोमन बेटांवर, नकाशावरील त्या नाशिक-दिल्ली फेऱ्यांमध्ये झाली. अमेरिकेने अनुभवी वैमानिकांना आघाडीवरून काढून नवशिक्यांना शिकवायला बसवले, तर जपानने त्यांना मरेपर्यंत उडवले. जून १९४४ मधील फिलिपिन समुद्राच्या लढाईत जपानी विमाने शेकड्यांनी पडली, ती अर्धवट शिकलेल्या मुलांच्या हातात होती. त्याच लढाईत ताइहो ही नवी विमानवाहू नौका एकाच टॉर्पेडोच्या आघातानंतर आत कोंडलेल्या इंधनाच्या वाफेने फुटली; हानी आवरण्याच्या प्रशिक्षणाची उपेक्षा दाखवायला हे उदाहरण घ्यावे.

साधने वापरताना

युद्धानंतरच्या आठवणी सावधपणे वाचाव्यात. पर्ल हार्बरच्या हवाई हल्ल्याचे नेतृत्व करणारे फुचिदा यांनी मिडवेविषयी लिहिले की आणखी पाच मिनिटे मिळती तर जपानी विमानांचा हल्ला निघाला असता. ही कथा अनेक दशके प्रमाण मानली गेली, परंतु जपानी नौकांच्याच त्या सकाळच्या नोंदी पाहिल्या तर डेकवर रक्षक विमानांची सतत चढउतार चालू होती आणि हल्ल्याची विमाने उड्डाणासाठी रांगेत उभी नव्हती, असे दिसते. अमेरिकी सामरिक बॉम्बफेक सर्वेक्षणाने शरणागतीनंतर जपानी अधिकाऱ्यांच्या जबान्या घेतल्या, त्या इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. प्रत्येक सहभागीने त्यातील एक जबानी वाचून यावी, मात्र पराभूत अधिकारी जेत्यासमोर बोलत आहे, हे ध्यानात ठेवावे.

शेवटच्या बैठकीसाठी ऑक्टोबर १९४४ मधील फिलिपिन्समधील लेतेची लढाई राखून ठेवावी. जपानचे अॅडमिरल ओझावा यांनी जवळजवळ विमाने नसलेल्या चार विमानवाहू नौका आमिष म्हणून उत्तरेला ठेवल्या, अमेरिकेचे अॅडमिरल हॅल्सी त्यांच्या मागे गेले, आणि २५ ऑक्टोबरच्या सकाळी समर बेटाजवळ जपानचे अॅडमिरल कुरिता यांचा यामातोसह चार बॅटलशिपचा ताफा अमेरिकेच्या सहा छोट्या एस्कॉर्ट विमानवाहू नौकांसमोर आला. अडीच तास लढून कुरिता मागे फिरले. ते फिरले नसते आणि लेतेच्या आखातात शिरले असते तर काय बदलले असते, यावर प्रत्येकाने अर्धे पान लिहावे, आणि लिहिताना जहाजांची वही समोर उघडी ठेवावी. ज्यांचे उत्तर केवळ तोफांविषयी असेल, त्यांना दोन गोष्टी शोधून आणायला सांगावे: लढाईआधी कुरिता यांच्या बॅटलशिप सिंगापूरजवळच्या लिंगा येथे आणि विमानवाहू नौका जपानजवळ, अशा एकमेकींपासून दूर का ठेवाव्या लागल्या होत्या, आणि आखातातून बाहेर पडल्यावर यामातोच्या टाक्या भरण्यासाठी लागणारे तेल कोणत्या टँकरमधून आले असते.