रिसेट पिन नसली तरी ड्रायव्हर चालला पाहिजे

लिनक्स ड्रायव्हरमध्ये रिसेट पिन काही बोर्डांवर असते, काहींवर नसते, तर साधं जीपीआयओडी_गेट (पिन मिळवायचं कर्नल फंक्शन) वापरू नका, त्याचं ऑप्शनलवालं व्हर्जन घ्या. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय जोडलंय त्याचं वर्णन) 'रिसेट-जीपीआयओज' ही ओळच नसेल तर ते गपचूप नल (NULL, म्हणजे रिकामा पॉइंटर) देतं, आणि नलवर सेट_व्हॅल्यू केलं तरी काही बिघडत नाही, त्यामुळे जागोजागी इफ लावत बसायची गरज नाही.

पण एरर आली की "पिन नसेल बहुतेक" म्हणून पुढे जाऊ नका! मी हेच केलं होतं. पिन होती आयटूसी एक्स्पांडरवर (जादा पिना देणारी वेगळी चिप), त्याचा ड्रायव्हर अजून लोड नव्हता म्हणून -५१७ म्हणजे प्रोब डिफर ('अजून तयार नाही, नंतर परत प्रयत्न करा') आला, मी तो गिळला आणि चिप कधी रिसेटच झाली नाही, दोन दिवस गेले. इझ_एरर (मिळालेलं उत्तर एरर आहे का ते बघणारा चेक) लागलं की सरळ रिटर्न, डेव्ह_एरर_प्रोब वापरलं तर डिफरसाठी लॉगमध्ये उगाच बोंबाबोंबही होत नाही.

क्लॉकचं ऑप्शनल असंच नल देतं. रेग्युलेटरचं मात्र उलटंच (का ते विचारू नका), तिथे ऑप्शनल म्हटलं की सप्लाय नसल्यावर नल नाही, -ईनोडेव्ह ('असं डिव्हाइस नाही' ही एरर) येतं, तेवढं एक वेगळं तपासा आणि बाकीच्या एरर परत पाठवा.