सेमिस्टर सांभाळून तबला

कागलहून एस.टी.नं रोज कोल्हापूरला ये-जा करत मी बी.एस्सी. केलं, विषय रसायनशास्त्र. त्याच वर्षांत तबल्याच्या मध्यमा आणि विशारदच्या परीक्षाही दिल्या. बारावी संपवून कॉलेजला आलेली मुलं-मुली तबल्याच्या सरांच्या क्लासमध्ये भेटतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, दोन्ही जमतं का हो?" जमतं. कसं, ते जरा सविस्तर लिहिते. उदाहरणं तबल्याची आहेत, पण गाणाऱ्यांना आणि पेटी वाजवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

सायन्सला असाल तर सलग दोन-तीन तास रोज मिळतील ही आशा पहिल्याच आठवड्यात सोडून द्या. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, मग जर्नल आणि वर हजेरीची अट. राहिलेला वेळ तुकड्यातुकड्यांत हाती येतो, आणि तुकड्यांत काय करायचं हे ज्याला ठाऊक असतं त्याचाच रियाज टिकतो. म्हणून रियाजाच्या दोन वाटण्या करा. एक, ज्याला वाद्य लागतंच असा. दुसरा, ज्याला वाद्य लागत नाही असा. दुसरी वाटणी किती मोठी आहे हे नव्या मुलांच्या लक्षातच येत नाही.

वाद्याविना होणारा सगळ्यात मोठा रियाज म्हणजे पढंत, तबल्याचे बोल तालात तोंडानं म्हणणं. कायदा म्हणजे जिचा पुढे विस्तार करतात ती बांधीव बोलरचना. अगदी पहिला दिल्लीचा कायदा घ्या: धा धा ति ट, धा धा ती ना, ता ता ति ट, धा धा धी ना. हातानं सोळा मात्रांचा तीनताल धरायचा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली (टाळीऐवजी रिकामा हात), आणि तोंडानं कायदा म्हणायचा. बरोबरीच्या लयीत सगळं सरळ जातं, कारण कायद्यातलं 'ता ता' आणि तालाची खाली एकाच जागी पडतात. आता तोच कायदा दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगानं म्हणा. हात पाचव्या मात्रेला टाळी देत असतो आणि तोंडात नेमकं 'ता ता' येतं. हात टाळीचा, बोल खालीचे. इथे बहुतेकांची लय हलते. तिगुणीत कायदा तीनदा म्हटला की समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येता येतं, मधली खालीही 'ता ता' वरच पडते, पण पाचव्या आणि तेराव्या मात्रेच्या टाळ्या तोंड भलत्याच ठिकाणी असताना येतात. हे सगळं कागल ते कोल्हापूर या प्रवासात, मांडीवर बोटं मोजत, ओठातल्या ओठात पक्कं होतं. गाडीत उभं राहावं लागलं तरी होतं. संध्याकाळी तबल्यावर बसाल तेव्हा गणित आधीच सुटलेलं असतं, आणि वाद्यासमोरचा मोजका वेळ फक्त हातासाठी, निकासासाठी, म्हणजे बोल स्वच्छ काढण्यासाठी उरतो. गाणाऱ्यांनी बंदिशीचे शब्द, सम आणि तानांचे पलटे असेच बिनआवाजी तालात बसवून पाहावेत.

वाद्यासमोरच्या वेळेबद्दल माझं मत ठाम आहे. तो थोडा असला तरी चालेल, पण डोकं ताजं असतानाचा हवा. रात्री जर्नल लिहून झाल्यावर दमलेल्या मनगटानं वाजवलेला तास फारसा कामी येत नाही, उलट हात आखडायची सवय लागते. पहाटेचा अर्धा-पाऊण तास मिळाला तर तो सोडू नका. संथ लयीत तिरकिट, मग एक कायदा, त्याचे दोन-तीन पलटे (त्याच बोलांची उलटसुलट मांडणी), बस. परीक्षेच्या आणि सबमिशनच्या आठवड्यांत हे वीस मिनिटांवर आणा, शून्यावर आणू नका. आमचे सर म्हणायचे, "एखादा तास चुकला तर चालेल, पण येताना हात कोरा ठेवून यायचं नाही."

सरांना कॉलेजचं वेळापत्रक सेमिस्टरच्या सुरुवातीलाच दाखवा. लाजू नका. प्रॅक्टिकलची परीक्षा कधी आहे हे त्यांना माहीत असलं, की त्या काळात ते नवीन रचना देत नाहीत, जुन्याच घासून घेतात. न सांगता दोन आठवडे गायब होणाऱ्या मुलाबद्दल कुठल्याही गुरूचं मन खट्टू होतं, आणि ते साहजिक आहे.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणार असाल, तर दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा. मंडळाची सत्रं साधारण एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशी असतात, म्हणजे विद्यापीठाच्या सेमिस्टर परीक्षांच्या अगदी कडेला. मध्यमा आणि विशारदला लेखी पेपरही असतो, नुसता हात तयार असून भागत नाही. ज्या सेमिस्टरला कॉलेजचे विषय तुलनेनं हलके असतील, ते सत्र वरच्या परीक्षेसाठी निवडा. फॉर्म भरताना मैत्रिणी भरतायत म्हणून भरू नका.

आणि हो, या पदव्यांमागे आपल्याच जिल्ह्याचा माणूस आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. लेखी पेपराची तयारी करताना हे वाचलं, तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात जरूर उतरा. आधी जिल्ह्याचा, मग तीनही जिल्ह्यांचा मध्यवर्ती. कॉलेजमधल्या प्राध्यापकांना तुमचं वाजवणं माहीत होण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे, आणि तालमीसाठी चुकलेल्या तासांचं पत्र सांस्कृतिक विभागाकडून रीतसर मिळू शकतं. ते पत्र त्याच आठवड्यात मागून घ्या, सेमिस्टरच्या शेवटी कुणी दारात उभं करत नाही. एक धोका मात्र आहे. तबलजी म्हटलं की समूहगीत, सुगम गायन, लोकवाद्यवृंद, नाटकाचं पार्श्वसंगीत, सगळे तुमच्याकडेच येतात. दोनच गोष्टींना हो म्हणा.

बाहेरच्या साथीचंही तेच. गणपती आणि नवरात्रात कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून भजनाला, सुगम संगीताला बोलावणी येतात, चार पैसेही मिळतात. अनुभव मोलाचा असतो. भजनात तासन्‌तास ठेका धरून लय न हलवणं क्लासमध्ये शिकता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकल असेल तर नम्रपणे नाही म्हणा. मुलींनी हो म्हणण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: कार्यक्रम किती वाजता संपणार, परत कोण सोडणार, आणि सोबत आणखी कोण आहे. हे विचारण्यात संकोच नको, चांगले आयोजक स्वतःहून सांगतात.

पावसाळ्याबद्दल बाहेरगावहून आलेल्यांना सांगायलाच हवं. जुलै-ऑगस्टात इथल्या दमट हवेत चामडं सैल पडतं आणि रात्री लावलेला तबला सकाळी उतरलेला असतो. गठ्ठे (पट्ट्यांखाली अडकवलेले लाकडी ठोकळे) खाली ठोकून गजऱ्यावर (चामड्याच्या कडेच्या वेणीवर) वरून हातोडी मारली की तो चढतो, पण घाईघाईत गजऱ्यावरच्या एकाच जागी, म्हणजे एकाच घरावर ठोकत बसू नका, समोरासमोरची घरं घ्या. ओल्या हातानं शाईला, म्हणजे मधल्या काळ्या गोलाला स्पर्श करू नका. वाजवून झाल्यावर पुडी, म्हणजे वरचं चामडं, कोरड्या फडक्यानं पुसून मगच गवसणी घाला, आणि जोडी भिंतीला टेकवून ठेवू नका. पुडी बदलायची झालीच तर परीक्षेच्या बऱ्याच आधी बदला. नवी पुडी ताणली जाऊन स्थिरावायला वेळ घेते.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांची अडचण आवाजाची. तबल्यावर घडी घातलेलं कापड टाकून किंवा रबराच्या पॅडवर वाजवलं तर ताकद आणि वेग टिकतो, बोलाचा गोडवा मात्र त्यात कळत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी खरा आवाज ऐकू येईल अशी जागा शोधा. सरांचा क्लास रिकामा असतानाची वेळ मागितली तर बहुतेक वेळा मिळते. घरमालकीणबाई दुपारी झोपतात का, एवढं आधी विचारून घेतलं तर खोलीवरही निभतं.

ऐकणं वेळापत्रकातून कापू नका, ही माझी कळकळीची विनंती. थोर गायक अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारात मानानं ठेवलं ते हे गाव. १८८३ पासूनची परंपरा असलेली देवल क्लब ही संगीतसंस्था खासबागेजवळ आहे. महिन्यात एखादी तरी मैफल समोर बसून ऐका, आणि तबलजीनं विलंबित, म्हणजे अगदी संथ एकतालात गायकासाठी किती मोकळी जागा सोडली तेवढंच पाहा. मोबाइलवर ते दिसत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आम्ही बरेच जण रडलो, कारण आमच्यातल्या अनेकांचं ऐकणं तिथेच सुरू झालं होतं.

तिसऱ्या वर्षाला पोचल्यावर पुढचा विचार करावा लागतो. संगीतातच शिकायचं मनात असेल तर विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र अधिविभाग आहे. तिथे प्रत्यक्ष जाऊन शिक्षकांना भेटा, प्रवेशाच्या अटी विचारा, जमलं तर थोडं वाजवून दाखवा. हे पाचव्या सेमिस्टरलाच करा, म्हणजे ठरवायला आणि घरच्यांशी बोलायला हाताशी वेळ राहील.