गावच्या रानाची राखण कशी करावी: गोव्यातील ग्रामसभांसाठी काही सूचना

गोव्यातील बहुतेक गावांना एक राखणदार, म्हणजे गाव राखणारा देव, असतो. त्याचे स्थान एखाद्या जुन्या झाडाच्या बुंध्याशी, व्हाळाच्या (ओहोळाच्या) काठावर किंवा रायीच्या, म्हणजे देवराईच्या, तोंडाशी असते, वर्षातून एकदा त्याला रोट (जाड भाकरीचा नैवेद्य) दिला जातो आणि रात्रीच्या वेळी तो गावाची शीव फिरून येतो अशी श्रद्धा आहे. रानाची राखण मात्र आता त्याच्या एकट्यावर सोपवता येण्यासारखी राहिलेली नाही. कोयता, आग, बुलडोझर आणि राजपत्रातील बारीक अक्षरांतली सूचना या चारही वाटांनी रान कमी होते, आणि प्रत्येक वाट अडवण्याची रीत वेगळी आहे.

राखण कशासाठी करायची, हे ग्रामसभेत पटवून द्यायचे असेल तर सुरुवात प्राणवायूपासून करू नये, पाण्यापासून करावी. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंतचे अंतर इतके थोडे आहे की डोंगर उघडा असेल तर पडलेले पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. रानातला पाचोळा, मुळांनी सैल केलेली माती आणि खालचा सच्छिद्र जांभा दगड हे पाणी अडवतात, मुरवतात आणि झरीच्या रूपाने चैत्र-वैशाखापर्यंत थोडे थोडे सोडत राहतात. कुळागराच्या (सुपारीच्या बागायतीच्या) पाटात उन्हाळ्यात वाहणारे पाणी हे वरच्या डोंगरावरच्या रानाने राखून ठेवलेले असते. शहरातल्या माणसालाही हेच सांगता येते. मोले परिसरातील रानातून उतरणारे पाणी खांडेपार नदीला मिळते आणि याच नदीवरील ओपा प्रकल्पातून फोंडा व तिसवाडी तालुक्यांना पाणीपुरवठा होतो, म्हणजे पणजीच्या नळाचे एक टोक मोलेच्या जंगलात आहे.

यानंतरचे पहिले काम कागदांचे आहे, आणि बहुतेक गावे नेमके तेच टाळतात. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर असून भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार त्यातील सुमारे ६० टक्के भाग वनाच्छादित आहे. परंतु सरकारदप्तरी वन म्हणून नोंदलेली जमीन राज्याच्या एक तृतीयांशाच्या आसपासच आहे. (उपग्रहाला दाट काजूबागायतही हिरवीच दिसते, हे हा आकडा वाचताना विसरू नये.) याचा सरळ अर्थ असा की गोव्यातील हिरवाईचा फार मोठा हिस्सा खाजगी मालकीच्या, कोमुनिदादीच्या (जुन्या गावकरी संस्थेच्या) किंवा देवस्थानच्या जमिनीवर उभा आहे आणि तिथे वनरक्षकाची फेरी होत नाही. म्हणून गावातील चार जाणत्या आणि चार तरुण माणसांनी एकत्र बसून गावाचा सर्व्हे नकाशा समोर घ्यावा, रान असलेल्या प्रत्येक सर्व्हे नंबरचा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काचा व वहिवाटीचा सरकारी कागद) काढावा आणि ती जमीन कोणाच्या नावावर आहे, अभयारण्यात मोडते की बाहेर, प्रादेशिक आराखड्यात ती कोणत्या विभागात दाखवली आहे, हे एका वहीत लिहून ठेवावे. त्याच नकाशावर झरी, व्हाळ, राय, गुरांच्या वाटा आणि जुन्या पायवाटा पेन्सिलने दाखवाव्यात.

खाजगी जमिनीवरचे रानही कायद्याच्या दृष्टीने वन असू शकते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातील आदेशात वनाचा अर्थ मालकीवर अवलंबून नाही असे स्पष्ट केले. त्यानंतर गोव्यात खाजगी वन ओळखण्यासाठी तीन निकष लावण्यात आले: किमान पाच हेक्टर सलग क्षेत्र, त्यातील किमान ७५ टक्के झाडे वन्य प्रजातींची आणि छत्राची घनता किमान ०.४, म्हणजे निदान ४० टक्के जमीन झाडांच्या शेंड्यांखाली झाकलेली. आपल्या गावातील एखादा डोंगर या निकषांत बसत असूनही खाजगी वनाच्या यादीत नसेल, तर सर्व्हे नंबर, छायाचित्रे आणि झाडांची यादी जोडून वनखात्याकडे लेखी निवेदन द्यावे. याहून लहान तुकड्यावरचे झाड पाडण्यासाठीसुद्धा १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. म्हणून झाडे पडताना दिसली की आधी परवानगीचा कागद दाखवण्यास सांगावे आणि तो नसेल तर तिथूनच वनखात्याला कळवावे.

गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाल्यामुळे २००६ चा वनहक्क कायदा सांगे, केपे, काणकोण, धारबांदोडा आणि सत्तरीतील गावांसाठी विशेष महत्त्वाचा ठरतो. गावातील चर्चा बहुधा वैयक्तिक दाव्यांभोवती, म्हणजे कोणाच्या कसणुकीची किती जमीन मान्य झाली याभोवतीच फिरते. वास्तविक याच कायद्यात गावाला आपल्या परंपरागत सीमेतील रान राखण्याचा, पुनरुज्जीवित करण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क मागता येतो व त्यासाठी नमुना ‘क’ भरावा लागतो. वनहक्क समितीत १० ते १५ सदस्य आणि त्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. पुरावा म्हणून जुनी दफनभूमी, विहीर, देवस्थान यांसारख्या खुणा तसेच वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदन ग्राह्य धरले जाते. वडीलधाऱ्यांचे निवेदन पुढच्या वर्षी घेऊ असे म्हणू नये. ते याच आठवड्यात लिहून घ्यावे.

आता आगीविषयी, कारण गोव्याच्या रानाचे मोठे आणि सर्वांत टाळता येण्यासारखे नुकसान आगीने होते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह अनेक ठिकाणी वणवे लागले तेव्हा ते विझवण्यासाठी नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. आपल्याकडच्या पानगळी रानातील वणवा बहुधा जमिनीलगत धावतो. वाळका पाचोळा, गवत आणि रानमोडी या माजलेल्या परक्या तणाची झुडपे जाळत तो पुढे सरकतो आणि मोठी झाडे वरवर वाचलेली दिसली तरी पुढच्या वीस वर्षांचे रान, म्हणजे रोपे, तो संपवून जातो. हा वणवा आकाशातून पडत नाही. काजूचा हंगाम सुरू होण्याआधी बोंडे सहज वेचता यावीत म्हणून बागायतीतला पाचोळा पेटवून देण्याची सवय, मधाच्या पोळ्यासाठी केलेला धूर, शिकारीसाठी लावलेली आग आणि विडीचे थोटूक, बहुतेक वणव्यांचे मूळ यांतच सापडते.

म्हणून काजूबागायतदारांची बैठक जानेवारीतच घ्यावी. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या रसाची ताजी दारू निघते त्या, दिवसांत कोणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसते, हा माझा अनुभव आहे. त्या बैठकीत एकच गोष्ट ठरवून घ्यावी: या वर्षी बागायत जाळून साफ करायची नाही. झुडपे कोयत्याने किंवा गवत कापण्याच्या यंत्राने कापावीत आणि पाचोळा गोळा करून काजूच्या बुंध्याभोवती, खोडापासून हातभर अंतर सोडून, आच्छादन म्हणून पसरावा. त्याने ओल टिकते आणि झाडाला खतही मिळते. ज्यांना मजुरी परवडत नाही त्यांच्यासाठी पाळीपाळीने एकमेकांच्या बागायतीत काम करण्याची जुनी पद्धत पुन्हा चालू करता येते.

बागायत आणि रान यांच्या मधोमध, तसेच रस्त्याकडेच्या रानाच्या काठाने, जानेवारीअखेर किमान तीन मीटर रुंदीची जाळरेषा काढावी. जाळरेषा काढणे म्हणजे पट्टा जाळणे नव्हे. पाचोळा आणि गवत झाडून जमीन उघडी करणे पुरेसे असते. निघालेला पाचोळा गोठ्यात किंवा खतासाठी नेता येतो. पानगळ चालू असल्यामुळे हा पट्टा दर पंधरा दिवसांनी पुन्हा झाडावा लागतो, आणि हे दुसरे-तिसरे झाडणेच लोक विसरतात. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी दोघांनी उंच जागेवरून धुरावर नजर ठेवावी, कारण दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा लहानशा आगीला घाटाकडे ढकलत नेतो.

आग दिसताच आधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयाला आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे, जागेची खूण नेमकी सांगावी आणि मगच पुढे जावे. आग चढणीवर वेगाने धावते, त्यामुळे तिच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नये. जळून गेलेल्या बाजूने आत शिरून दोन्ही कडांनी हिरव्या डहाळ्यांनी ती झोडपत यावे. अंगावर सुती कपडे आणि पायात बूट असावेत, कृत्रिम धाग्याचा कपडा कातडीला चिकटतो. एकट्याने जाऊ नये आणि ज्वाळा माणसाच्या कमरेवर गेल्या असतील तर झोडपण्याचा नाद सोडून पुढे जाळरेषा काढण्यास लागावे. विझल्यासारखी दिसणारी आग पडक्या ओंडक्यांत रात्रभर धुमसत राहते, म्हणून निदान दोघांनी सकाळपर्यंत तिथे थांबावे.

देवराईचे दुखणे वेगळे आहे. सत्तरीतील बांबर येथील निरंकाराची राय पाहिली की गोव्याच्या पूर्वजांनी काय राखले ते कळते: रानजायफळाच्या कुळातील झाडे पाणथळ जमिनीत उभी आहेत आणि त्यांची गुडघ्यांसारखी वाकलेली मुळे श्वास घेण्यासाठी पाण्यावर आलेली आहेत. अशा रायीत कोयता आजही सहसा जात नाही. पण सिमेंट जाते. देवळाचा जीर्णोद्धार, मग सभामंडप, मग फरसबंदी, मग गाड्यांसाठी जागा, अशा क्रमाने राय देवाच्याच नावाने आखडत जाते. देवस्थान समितीकडून एक लेखी ठराव करून घ्यावा की रायीच्या सीमेच्या आत नवे बांधकाम, फरसबंदी किंवा व्हाळाचा प्रवाह वळवणे होणार नाही आणि पडलेले झाडसुद्धा जागच्या जागी कुजू दिले जाईल. ज्या गावांना पुढे जायचे असेल त्यांनी २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार राय जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित करण्याची मागणी पंचायतीमार्फत करावी. डिचोली तालुक्यातील सुर्ल येथील पूर्वताळी राय या मार्गाने गेली आहे.

याच कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. ही वही कार्यालयात बसून भरली की निरुपयोगी ठरते. ती आकूर, किल्ल, तायकिळा आणि तेरे या रानभाज्या आणायला रानात जाणाऱ्या बायकांबरोबर फिरून, झाडांची गावातली नावे आणि त्यांचे महिने लिहून भरावी. औषधी मुळ्यांचा नेमका वापर मात्र सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय लिहू नये. अळम्यांबद्दल (रानातल्या अळिंब्यांबद्दल) गावाने एक नियम घालून घ्यावा: रोयण, म्हणजे वारूळ, खणायची नाही आणि पूर्ण उमललेली काही अळमी प्रत्येक जागी सोडून द्यायची. पावसाच्या पहिल्या दिवसांत बाजारात मिळणारा भाव पाहता हा नियम पाळणे सोपे नाही, हे मान्य आहे.

रोपे लावण्याविषयी फार सांगण्याची गरज नाही. आगीपासून आणि गुरांपासून तीन-चार वर्षे वाचवलेला डोंगर बहुधा स्वतःच उगवून येतो. लावायचेच असेल तर माट्टी, किंदळ, नाणा, जांभूळ, भिरंड यांतले लावावे, अकेशियाच्या वाटेला जाऊ नये. सड्यावरचे (डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरचे) गवताळ माळ तर रिकामे समजून भरून टाकूच नयेत, कारण त्यांची स्वतःची वनस्पतिसृष्टी असते. रानमोडी फुलण्याआधी, भर पावसात माती मऊ असताना मुळासकट उपटावी.

वन्य प्राण्यांकडून होणाऱ्या नुकसानीकडे दुर्लक्ष करून रानाची राखण होत नाही. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे विषबाधेने चार वाघ मेले; ज्याचे जनावर वाघ मारतो त्याचे नुकसान वेळेत भरून निघाले नाही, तर विषाची बाटली जवळची वाटू लागते. जनावर मारले गेल्यास ते हलवू नये, छायाचित्रे काढावीत, त्याच दिवशी वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. गव्या-रानडुकरांनी पिकाची नासाडी केल्यावरही हेच करावे. अर्ज भरायला जमत नसलेल्या धनगर किंवा वृद्ध कुटुंबासाठी गावातील एका सुशिक्षित तरुणाने ही जबाबदारी अंगावर घ्यावी आणि भरपाई हाती पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

शेवटची वाट राजपत्राची. जमिनीचा विभाग बदलण्याचे प्रस्ताव तिथे सर्व्हे नंबरांसह प्रसिद्ध होतात आणि नगरनियोजन कायद्याच्या ३९अ कलमाखालील प्रस्तावांवर हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. म्हणून दर आठवड्याला राजपत्र चाळण्याचे काम एका माणसाकडे नेमून द्यावे आणि आपल्या वहीतील सर्व्हे नंबराशी त्याने ते पडताळावे. मोठ्या प्रकल्पांपुढे गावाचे काय चालणार, असे म्हणणाऱ्यांना मोलेची आठवण द्यावी: २०२० मध्ये रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्ध लोक उभे राहिले आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. हरकत लिहिताना संताप बाजूला ठेवावा; झरीचे ठिकाण, उताराची छायाचित्रे, झाडांची संख्या, त्या पाण्यावर अवलंबून असलेली घरे आणि कुळागरे, एवढेच मुद्दे क्रमाने मांडावेत. सोबत ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडावी, अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का पडल्याखेरीज त्या खिडकीपासून हलू नये.