'ब्रेव्ह' म्हणजे शूर? सगळीकडे नाही! या चुका टाळा

जर्मन शिकायला लागलो तेव्हा 'डास किंड इस्ट ब्राफ' या वाक्याचं भाषांतर मी 'मूल शूर आहे' असं केलं होतं. खरा अर्थ 'मूल शहाणं आहे', म्हणजे सांगितलेलं ऐकणारं. आपली आई 'शहाण्यासारखा वाग' म्हणते, तिथे जर्मन आई 'झाय ब्राफ' म्हणते. मोठ्या माणसाला मात्र हे विशेषण जपून लावा. त्यात मिळमिळीतपणाची छटा येऊ शकते.

इंग्रजी अर्थ डोक्यात ठेवून बाकीच्या भाषा वाचणं, हीच मूळ चूक. स्पेनमध्ये 'तोरो ब्रावो' म्हणजे झुंजीचा, अंगावर धावून येणारा बैल, आणि 'पेर्रो ब्रावो' म्हणजे चावरं कुत्रं. 'कोस्ता ब्रावा'चं भाषांतर 'शूर किनारा' असं करू नका. कॅटलोनियातल्या त्या कातळकड्यांच्या किनाऱ्याला हे नाव फेर्रान अगुलो या पत्रकाराने 1908 मध्ये दिलं, ते त्याच्या रांगड्या, रौद्र रूपावरून. 'पातातास ब्रावास' या बटाट्यांना तर आपला 'जहाल' शब्दच शोभतो. पोर्तुगीजमध्ये झाडाला 'ब्रावो' म्हटलं की आपल्या रानकेळीतला 'रान' समजावा. ब्राझीलमध्ये माणूस 'ब्रावो' झाला, तर तो चिडलेला असतो.

फ्रेंचमध्ये शब्दाची जागा बघा. 'अन ऑम ब्राव्ह' म्हणजे शूर माणूस, 'अन ब्राव्ह ऑम' म्हणजे भला माणूस. विशेषण नामाच्या आधी आलं की शौर्य गळतं. इटालियनमध्ये 'ब्राव्हो' म्हणजे हुशार, आपल्या कामात तरबेज, आणि तिथे लिंग-वचनाचा नियम मराठीइतकाच पक्का आहे. गायिकेला 'ब्राव्हा', अनेकांना 'ब्राव्ही', अनेक स्त्रियांना 'ब्राव्हे'. गायिकेला 'ब्राव्हो' म्हणणं म्हणजे 'चांगला गायलास' म्हणणं.

आता व्युत्पत्ती. 'ब्रेव्ह' आपल्या 'वीर'वरून आला, असं पुष्कळांना वाटतं. हा संबंध मनातून काढून टाका. 'वीर'चा सख्खा नातलग लॅटिन 'विर' म्हणजे पुरुष, आणि त्यातून इंग्रजी 'व्हर्च्यू' आला. 'ब्रेव्ह' इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये इटालियनमधून. त्यामागच्या मुळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. बऱ्याच जणांचा कौल लॅटिन 'बार्बारुस'ला आहे. काहींच्या मते त्यात वाकडा, वाईट या अर्थाचा 'प्रावुस'ही मिसळला असावा.

'बार्बारुस' ग्रीक 'बार्बारोस'वरून आलेला. ज्याची भाषा कळत नाही, जो नुसतं 'बर बर' करतो, तो परका. संस्कृतातला 'बर्बर' याच आवाजाचा. कौल खरा धरला, तर अर्थाची वाट अशी दिसते: परका, मग रानटी, मग उग्र. उग्रपणाचं कौतुक झालं तिथे शूर, कौतुकच उरलं तिथे चांगला. स्वीडिश 'ब्रा' याच घराण्यातला, आणि त्याचा अर्थ फक्त 'छान'.