मांडवा ते रत्नागिरी सायकलवर: कोकणच्या किनारी रस्त्याचा बेत कसा आखावा

रस्त्यावर चालवायच्या सायकलसाठी महाराष्ट्रात सर्वांत सुंदर वाट कुठली, असं कुणी विचारलं तर मी कोकणच्या किनाऱ्याचं नाव घेईन. हा रेवस ते रेडी सागरी मार्ग. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला डोंगर, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आणि दर थोड्या अंतरावर एक खाडी. मुंबई-गोवा महामार्गावरची ट्रकांची रांग इथून बरीच आत राहते. नवख्या माणसाला सगळा मार्ग एका दमात झेपणार नाही. मांडवा ते रत्नागिरी हा पाच दिवसांचा तुकडा मात्र बेताने आखला तर कोणत्याही सराव असलेल्या सायकलस्वाराच्या आवाक्यातला आहे.

किलोमीटर नव्हे, खाड्या मोजा

बेत आखताना बहुतेकजण दिवसाला शंभर किलोमीटर धरतात आणि दुसऱ्याच दिवशी थकतात. कोकणचा किनारा सपाट नाही. गाव समुद्राला किंवा खाडीला लागून, आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार. म्हणजे शंभर-दीडशे मीटर चढायचं, सड्यावरून थोडं पळायचं आणि तेवढंच उतरून पुढच्या गावात यायचं. दिवसात असे चार-पाच चढउतार झाले की साठ किलोमीटरही भरपूर होतात. मी दिवसाला साठ-सत्तरच्या वर बेत ठरवू नये असंच सांगेन, कारण इथे थांबावंसं वाटणाऱ्या जागा फार आहेत.

वाटेत चार ठिकाणी फेरीबोट लागते: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. या बोटींत मोटारी-मोटारसायकलींबरोबर सायकलही चढते, तिकीट किरकोळ असतं. बोटी ठरावीक अंतराने सुटतात, पण वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं आणि रात्री सेवा नसते. म्हणून आधी नकाशावर या चार जेट्या टिपा, मग त्यांच्याभोवती दिवस आखा. एक बोट चुकली म्हणून बिघडत नाही. शेवटची चुकली तर बिघडतं. बागमांडल्याची फेरी टाळायची म्हणजे म्हसळा, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड असा मोठा वळसा सायकलवर मारावा लागतो. मोबाइलवरचा नकाशा कधीकधी बोट सोडून याच वळशाने नेतो. वाट आखताना प्रत्येक खाडी रेषा सरळ ओलांडते आहे ना, हे मोठं करून बघा.

याच वेळी गावांची नावंही तपासा. रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याजवळ एक मुरुड आहे आणि दापोली तालुक्यात महर्षी कर्व्यांचं मुरुड आहे. वेळासही दोन आहेत, एक दिघीजवळचं आणि दुसरं बाणकोटजवळचं, नाना फडणवीसांचं. मुक्कामाचं आरक्षण करताना तालुका विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका.

दिशा आणि दिवस

उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, बहुधा वायव्येकडून. दक्षिणेला जाताना तो पाठीशी मिळतो. दुसरा फायदा असा की आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने, म्हणजे डोंगराच्या अंगाने चालवतो. सकाळचा सूर्य डोंगरामागे असल्याने नऊपर्यंत बराच रस्ता सावलीत असतो.

पावसाळ्यात हा भाग हिरवागार दिसतो, तरी लांबच्या प्रवासासाठी तो काळ मला पसंत नाही. रस्ते शेवाळतात, खड्डे पाण्याखाली जातात, फेऱ्याही कधी बंद राहतात. ऑक्टोबरात खड्डे उघडे पडलेले असतात. नाताळ ते नवं वर्ष सोडून द्या. शिमग्यात पालख्या निघतात, चाकरमानी गावी येतात. त्या वेळी जायचंच तर मुक्काम महिनाभर आधी ठरवा. आणि निघायचा दिवस सोमवार किंवा मंगळवार ठेवा, कारण अलिबाग-काशीद रस्त्यावर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची गर्दी असते.

सायकल

रोड बाइक चालते, पण पंचवीस मिलिमीटरच्या टायरवर आडगावांतले रस्ते हाडं खिळखिळी करतात. फ्रेममध्ये मावत असतील तर अठ्ठावीस किंवा बत्तीसचे टायर घाला आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा. चढ लांब नसले तरी तीव्र आहेत. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे ३२ किंवा ३४ दात्यांची मोठी चकती असेल तर सामानासह बसून चढता येतं. निघण्याआधी ब्रेक पॅड नक्की बदला. जेटीकडे उतरणारे रस्ते तीव्र, वळणांचे, आणि वळणावर तांबडी खडी सांडलेली असते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही.

दोन ट्यूब, पॅचेस, टायर लिव्हर, पंप, चेनची जोडकडी आणि षट्कोनी चाव्या जवळ हव्यात. रोड बाइकच्या ट्यूबचा प्रेस्टा व्हॉल्व्ह (हवा भरायचं बारीक तोंड) गावातल्या पंक्चरवाल्याच्या नळीला बसत नाही, म्हणून पितळी अडॅप्टर न विसरता घ्या. सामान पाठीवर नको. सीटमागची मोठी बॅग पुरते. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, आणि अंधारात सायकल चालवायची वेळ येऊ देऊ नका. रंग न मारलेले गतिरोधक आणि रस्त्यावर बसलेली गुरं दिव्यातही उशिरा दिसतात.

दिवसवार वाट

पहिला दिवस: मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, साधारण तासाभरात मांडवा. पुढे अलिबाग, चौल, रेवदंडा, कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल, कोर्लई, काशीद आणि मुरुड-जंजिरा. सुमारे सत्तर किलोमीटर. रेवदंड्यापर्यंत सपाट आहे, म्हणून पहिल्या दिवशी पाय मोकळे करायला बरा. गर्दीचा भाग हाच, तो सकाळी उरकून घ्या.

दुसरा दिवस सगळ्यांत देखणा. मुरुडहून आगरदांड्याला जाताना वाटेत खोकरीचे सिद्दींचे घुमट लागतात. बोटीने दिघी, तिथून बोर्ली पंचतनमार्गे दिवेआगर. इथून श्रीवर्धनला जायला आतला रस्ताही आहे, पण तो घेऊ नका. भरडखोल, शेखाडी, आरावी हा किनाऱ्याचा रस्ता घ्या. काही ठिकाणी लाट आणि डांबर यांच्यात फक्त काळा खडक उरतो. सबंध किनाऱ्यावर सायकल चालवायला याहून चांगला तुकडा मला माहीत नाही. इथे घड्याळ बघू नये म्हणून दिवस छोटा ठेवला आहे. श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथांचं गाव. मुक्काम हरिहरेश्वरला केलात तर बागमांडल्याची जेटी अगदी जवळ राहते.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक पकडून वेसवी, मग खाडीकाठाने बाणकोट आणि वेळास. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. ते बघायचं असेल तर मुक्काम वेळासलाच करा, कारण पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडली जातात. वेळासहून केळशीला जाताना भारजा नदी ओलांडायची असते. कोणता रस्ता सध्या चांगला आहे ते वेळासमध्येच विचारा. सागरी महामार्गाची आणि पुलांची कामं चालू असल्याने नकाशापेक्षा गावातला माणूस खात्रीचा. केळशी, आडे, आंजर्ले हा भाग पुन्हा किनाऱ्याला चिकटून आहे. मुक्काम आंजर्ले किंवा हर्णै. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव आणि समोरचा सुवर्णदुर्ग बघायला तासभर राखून ठेवा.

चौथा दिवस कर्दे, लाडघर, बुरोंडी, दाभोळ, बोट, धोपावे आणि गुहागर. धोपाव्याच्या जेटीवरून चढ लगेच सुरू होतो, म्हणून बोटीत बसल्या-बसल्या काहीतरी खाऊन घ्या. पाचव्या दिवशी हेदवी, तवसाळ, बोट, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आणि आरे-वारेवरून रत्नागिरी. हा सर्वांत लांब दिवस आहे. पाय दुखत असतील तर गणपतीपुळ्यालाच राहा.

खाणं-पाणी

कोकणात दुपारी आयतं जेवण सगळीकडे मिळत नाही. घरगुती खानावळीत सकाळी फोन करून किती माणसं आणि शाकाहारी की मासे हे सांगावं लागतं, तेव्हा भात शिजतो. हे जमलं नाही तर पोटभर नाश्ता करूनच निघा. घावणे-चटणी किंवा आंबोळी-उसळ मिळाली तर उत्तम. सड्यावर ना दुकान ना सावली, म्हणून चढाच्या पायथ्याशीच दोन्ही बाटल्या भरा. हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि अंगातलं मीठ किती गेलं ते कळत नाही. एका बाटलीत ओआरएस घाला. वाटेत कोकम सरबत मिळेल तिथे मीठ घालून प्या. अकरा ते तीन सावलीत थांबायचं, हे मे महिन्यातच नव्हे तर जानेवारीतही पाळा.

रात्री कपडे धुवून वाळत घाला आणि चेन कापडाने पुसून तेलाचा हात फिरवा. खाऱ्या हवेत दोन दिवसांत गंज दिसू लागतो.

परतताना

रत्नागिरीहून कोकण रेल्वेने सायकल सामानाच्या डब्यातून आणता येते. सुटण्याआधी दोन तास पार्सल कार्यालयात पोहोचा, तिकीट आणि ओळखपत्राची प्रत द्या. दिवे, पंप, मीटर काढून जवळ ठेवा आणि मागच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या भागाला) पुठ्ठा बांधा. नाव आणि उतरायचं स्थानक लिहिलेली चिठ्ठी सायकलच्या दांडीला चिकटवा. आणि स्टेशन गावात नाही, कुवारबावला आहे. गावातून तिथवर चढ आहे, तेवढा वेळ हिशेबात धरा.