बाळंतपणाची रजा: अर्ज लिहिण्याआधी तारखा मोजा

बाळंतपणाच्या रजेचं सगळं गणित एका तारखेवर उभं असतं. डॉक्टर फाइलवर प्रसूतीची अंदाजे तारीख लिहून देतात, सोनोग्राफीच्या रिपोर्टवरही ती ‘ईडीडी’ म्हणून असते. तो कागद हातात पडला की लगेच फोटो काढून ठेवा. कितीतरी जणी डोहाळजेवण उरकल्यावर ऑफिसात रजेचं विचारतात आणि ‘तुझे दिवस भरत नाहीत’ हे ऐकून गप्प परत येतात. दिवस भरतात की नाही, हे आपलं आपल्याला मोजता येतं.

त्याआधी कायद्याबद्दल थोडं. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आणि त्यात २०१७ साली झालेली दुरुस्ती हा या हक्काचा पाया. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा कायदा तिच्यात सामावला गेला. नाव बदललं, पण २६ आठवड्यांची रजा आणि त्यासाठी लागणारं ८० दिवसांचं काम हे दोन्ही आकडे तेच राहिले. कारखान्यांना आणि १० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांना, ऑफिसांना तो लागू होतो. सरकारी नोकरीत वेगळे नियम आहेत, तिथे १८० दिवस मिळतात.

आता मोजू या. समजा, तारीख १५ मार्च २०२७ आहे. तिथून १२ महिने मागे जा. त्या काळात तुम्ही या नोकरीत किमान ८० दिवस काम केलेलं हवं. कायद्याने मिळणाऱ्या पगारी सुट्ट्याही या ८० दिवसांत धरल्या जातात. १ ऑक्टोबर २०२६ ला रुजू झालात आणि आठवड्याला सहा दिवस कामावर गेलात, तर जानेवारीच्या मध्यापर्यंत हे दिवस सहज भरतात. म्हणजे रुजू होताना दिवस गेलेले होते की नव्हते, याचा इथे संबंधच येत नाही. हजेरीची नोंद आणि सॅलरी स्लिपा मात्र जपून ठेवा. कंत्राटी आहात म्हणून मागे हटू नका. कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी पूर्ण लाभ द्यावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे मिळतात, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीच्या आधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर १२ आठवडे, आणि आधी ६. आपल्या उदाहरणात सगळे ८ आठवडे आधी घेतले तर रजा १८ जानेवारीला सुरू होते आणि १९ जुलैला हजर व्हावं लागतं. तेव्हा बाळ चार महिन्यांचं असेल. तब्येत साथ देत असेल आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत काम करून १ मार्चपासून रजा घेतलीत, तर ३० ऑगस्टला जायचं, बाळ साडेपाच महिन्यांचं झाल्यावर. ज्यांना जमेल त्यांनी जास्त आठवडे बाळंतपणानंतरच ठेवावेत असं मला वाटतं. पण पाय सुजत असतील, लोकलमध्ये उभं राहवत नसेल, तर हा हिशोब बाजूला ठेवा. शिवाय शेवटच्या दहा आठवड्यांत कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम नको, असं सांगायचा हक्क तुम्हाला आहेच.

मग अर्ज. आपल्याला शाळेपासून ‘रजा मंजूर करावी ही नम्र विनंती’ लिहायची सवय. इथे विनंती करायची नसते, कायद्याने ही लेखी सूचना आहे. असं लिहा:

‘माझी प्रसूतीची अंदाजे तारीख १५ मार्च २०२७ आहे. १ मार्च २०२७ पासून मी २६ आठवड्यांची प्रसूती रजा घेत आहे. या काळात मी दुसरीकडे काम करणार नाही. लाभाची रक्कम मला किंवा माझ्या वतीने माझ्या पतीला द्यावी.’

सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा. एक प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, ईमेलही करा. सूचना द्यायची राहून गेली तर बाळंतपणानंतर लवकरात लवकर द्या, तेवढ्यावरून हक्क जात नाही.

पैशांचा हिशोब मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांतल्या रोजच्या सरासरी वेतनाने पैसे मिळतात. माझ्या ओळखीची एक मुलगी पॅकिंगच्या कामाला होती, रोज ६०० रुपये. मालकाने रविवार वगळून १५६ दिवस धरले आणि हिशोब ९३,६०० रुपयांचा केला. खरं तर रविवारही धरायचे असतात. मळ्यातल्या एका कामगार बाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच हे ठरवून दिलं आहे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, म्हणजे १,०९,२०० रुपये. तिचे १५,६०० रुपये बुडत होते. ते तिने कागद दाखवून घेतले.

प्रसूतीपूर्वीच्या आठवड्यांचे पैसे दाखला दिल्यावर आगाऊ मिळायला हवेत. उरलेले बाळंतपणाचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. माहेरी बाळंतपण असेल तर दवाखान्यातून निघतानाच डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून ऑफिसला पाठवा. कंपनीने मोफत वैद्यकीय सोय केली नसेल तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनसही मागा.

स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात दिसत असेल तर पैसे मालक देत नाही, ईएसआय देते. तिथे ८० दिवसांऐवजी आधीच्या दोन अंशदान कालावधींत (वर्गणीच्या सहा-सहा महिन्यांच्या मुदतींत) मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. दावा ईएसआयच्या शाखा कार्यालयात करायचा.

गर्भपात झाला तरी सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. हे फारसं कुणी सांगत नाही आणि त्या वेळी विचारायचं त्राणही नसतं. म्हणून घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजारपण आलं तर आणखी एक महिना मिळतो.

परत कामावर गेल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ मिळतो. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं आणि तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं.

रजेवर असताना नोकरीवरून काढणं बेकायदा आहे. ‘राजीनामा दे, नंतर परत घेऊ’ असं कुणी गोड बोलून सांगितलं तरी सही करू नका. काढून टाकल्याचं पत्र आलंच तर त्यावरची तारीख आधी बघा. अपिलासाठी ६० दिवस असतात. पोच घेतलेली अर्जाची प्रत, डॉक्टरांचा दाखला आणि स्लिपा घेऊन जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जा. तान्हं बाळ सोडून जाता येत नसेल तर भावाला किंवा नवऱ्याला पाठवून कुठला अर्ज कुणाकडे द्यायचा एवढं त्याच आठवड्यात विचारून घ्या.