मॉडिफाइड गाडी ठेवायची की बदलायची? निर्णयाआधी या चुका टाळा

मॉडिफाइड गाडी विकायचा निर्णय बहुतेक वेळा चुकीच्या दिवशी होतो. गाडी टो करून आणलेली असते, चेक इंजिनचा दिवा पेटलेला असतो आणि मालक वैतागून म्हणतो, आता बास. दुसऱ्या टोकाला असतात ते लोक, ज्यांनी इतका पैसा ओतलेला असतो की खालचा पत्रा सडलेला डोळ्यांनी दिसत असूनही पुढचा पार्ट मागवला जातो. बिघाड मूळ गाडीचा आहे की नंतर लावलेल्या सामानाचा, हे दोघांपैकी कुणीच वेगळं काढलेलं नसतं. ते काढल्याशिवाय ठेवा म्हणणं काय आणि विका म्हणणं काय, दोन्ही अंदाजपंचे.

सामानाचं पाप इंजिनच्या माथी मारणं

पिकअप गेला, आयडलला गाडी थरथरते, मधूनच मिसिंग मारते. निदान तयारच असतं: इंजिन संपलं. स्कॅनर लावून फ्युएल ट्रिमचे, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो त्याचे, आकडे वाचायचे कष्ट कुणी घेत नाही. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिमची बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर मिश्रण बरं आहे. आयडलला अधिक २० आणि २,५०० आरपीएमला जवळपास शून्य, असं दिसलं तर न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरते आहे. नव्या इनटेकचा (हवा आत नेणाऱ्या पाइपचा) क्लॅम्प, तडकलेला व्हॅक्यूम पाइप, मॅनिफोल्डचं गॅस्केट, या क्रमाने बघा. याउलट आयडलला सगळं ठीक आणि लोड वाढेल तसा आकडा चढतोय, तर संशय फ्युएल पंप, फिल्टर किंवा हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरवर घ्या.

मोठ्या इनटेकचं प्रकरण तर नेहमीचंच. एअरफ्लो सेन्सर ज्या पाइपात बसतो तो ७० मिमीचा होता, तिथे ८० मिमीचा आला की क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा आता सेन्सरवरून हळू जाते, सेन्सर हवा कमी सांगतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी सोडतो. पाइप बदलला, पण मॅपमधलं (ईसीयूतल्या आकड्यांच्या तक्त्यातलं) सेन्सरचं स्केलिंग तसंच राहिलं. इंजिन बिचारं निर्दोष आहे आणि मालक दुसरी गाडी शोधतोय. टर्बो गाडीत सेन्सरच्या पुढचा पाइप बूस्टखाली (टर्बोच्या दाबाखाली) गळत असेल तर उलटं होतं: मोजलेली हवा बाहेर पळते, पेट्रोल जास्त पडतं, काळा धूर येतो. जेवढा बूस्ट चालवता तेवढ्या दाबाने इनटेकमध्ये हवा भरा, जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आपोआप सांगतील.

आणि कृपा करून आधी बिघाडाचा कोड क्लिअर करू नका. कोड पुसला की त्यासोबतचा फ्रीझ फ्रेम डेटा (बिघाडाच्या क्षणाची नोंद) जातो आणि बहुतेक गाड्यांत शिकलेला ट्रिमही. म्हणजे पुरावाच नष्ट. दिवा विझला म्हणून खूश होणारी मंडळी आठ दिवसांनी परत येतात आणि तेव्हा सांगायलाही काही नसतं.

इंजिन खरंच थकलंय का, हे कॉम्प्रेशन टेस्ट सांगते. इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण चार्ज हवी. सगळे प्लग काढा, इंजेक्टर आणि इग्निशन बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारा. साधारण पाच-सहा ठोके लागतात, आणि प्रत्येक सिलिंडरला तेवढेच द्या. सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. एखादा कमी आला तर त्यात ५ मिली ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर हेड गॅस्केट.

इथे मॉडिफाइड गाडीची एक खाच आहे. जास्त ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम किंवा कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन असतील तर मॅन्युअलमधला आकडा तुमच्या इंजिनला लागूच होत नाही. लांब ड्युरेशनच्या कॅममुळे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, म्हणून सेल्फवर मोजलेलं कॉम्प्रेशन कमीच दिसतं. सिलिंडर एकमेकांशी ताडून बघा, पुस्तकाशी नव्हे. शंका उरली तर लीकडाउन टेस्ट करा. पिस्टन टीडीसीवर, म्हणजे सर्वात वरच्या टोकाला, ठेवून हवा भरा आणि ऐका: सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. १० टक्क्यांपर्यंत गळती असेल तर इंजिन निरोगी समजा. सोबत जुना ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडा. चुंबकाला न चिकटणारे तांब्याच्या रंगाचे कण बेअरिंगमधले असतात, आणि ते दिसले तर विषय गंभीर आहे.

हे सगळं एका दुपारचं काम आहे. ते न करता इंजिन उतरवायला निघालेल्यांची घाई कशासाठी असते, हे कोडंच आहे.

अर्धवट स्टॉकवर (मूळ अवस्थेत) आणणं

या चुकीइतकी महागडी चूक दुसरी नाही आणि ती करणारे बहुतेक हुशार असतात. कहाणी ठरलेली असते. टर्बो पेट्रोल गाडी, मूळ ४४० सीसीच्या जागी ५५० सीसीचे इंजेक्टर, त्याला साजेसा मॅप. विकायचं ठरतं. स्टॉक गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळतं आणि मोठे इंजेक्टर वेगळे विकता येतात, हा हिशोब बरोबरच असतो. एका सुट्टीत जुने इंजेक्टर परत बसतात. मॅप मात्र तसाच राहतो, कारण फाइल ट्यूनरकडे आहे, ट्यूनर फोन उचलत नाही आणि गाडी तर छान सुरू होते.

सुरू होतेच. मॅपला वाटतंय इंजेक्टर ५५०चे आहेत, म्हणून तो त्या हिशोबाने तेवढाच वेळ ते उघडतो आणि प्रत्यक्षात ८० टक्केच पेट्रोल पडतं. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते हेरतो, ईसीयू ट्रिम अधिक २५ च्या आसपास चढवून निभावून नेतो. फार तर दिवा पेटतो, तो क्लिअर केला जातो. पण पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर बऱ्याच गाड्या त्या सेन्सरचं ऐकणं सोडून थेट मॅपवर चालतात. मॅपने ११.८ चं मिश्रण (एक भाग पेट्रोलला ११.८ भाग हवा) मागितलेलं असतं, मिळतं १४.७ च्या घरातलं. फुल बूस्टखाली एवढं पातळ (पेट्रोल कमी असलेलं) मिश्रण म्हणजे नॉकिंग, मिश्रणाचा अवेळी भडका, आणि नॉकिंगमध्ये सर्वात आधी तुटतो तो पिस्टनवरचा दोन रिंगांमधला काठ. मग निळा धूर, डिपस्टिकच्या नळीतून उडणारं ऑइल आणि एका सिलिंडरमध्ये गेलेलं कॉम्प्रेशन. हे घडतं ते बहुधा गिऱ्हाइकाला ट्रायल देताना, कारण ट्रायलमध्येच कुणीतरी पाय पूर्ण दाबतो.

क्रम साधा आहे. पान्याला हात लावायच्या आधी स्टॉक मॅपची फाइल हातात असली पाहिजे. मग एकाच बैठकीत इंजेक्टर, इनटेक, एअरफ्लो सेन्सर परत बसवा, स्टॉक मॅप भरा, आणि त्यानंतरच चावी फिरवा. मधल्या अवस्थेत गाडी पार्किंगच्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा नको. एवढ्यावर विश्वास न ठेवता वाइडबँड (मिश्रण मोजणारा सेन्सर) लावून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर एक पुल लॉग करावा, अर्थात वाहतुकीसाठी बंद असलेल्या मोकळ्या जागेत किंवा डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर). आकडे पातळ दिसले की पाय लगेच उचलायचा.

उलट बाजूही वाईटच: मोठे इंजेक्टर तसेच ठेवून स्टॉक मॅप भरला तर २५ टक्के जास्त पेट्रोल पडतं. ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, प्लग काळे करतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतं. इंजिन फुटत नाही, सावकाश मरतं.

मॅप लॉक करून देणाऱ्या आणि मूळ फाइलचा बॅकअप न देणाऱ्या ट्यूनरकडे गाडी देऊच नये. ज्यांनी दिली आहे त्यांनी विकायचा विचार येण्याआधीच ती फाइल मिळवावी.

खर्च झालेला पैसा मोजणं

कॉइलओव्हरला (उंची बदलता येणाऱ्या सस्पेन्शनला) किती गेले, टर्बोला किती गेले, हे सगळं विसरा. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही, बऱ्याचदा त्यापायी किंमत पाडूनच मागतो. कागदावर दोनच आकडे लिहा. पुढची दोन वर्षं ही गाडी भरवशाने चालावी म्हणून आता काय लागेल: क्लच, बुश, टायमिंग बेल्ट, टायर, ट्यूनिंगची दुरुस्ती. आणि ही विकून दुसरी घ्यायला खिशातून किती घालावे लागतील. पहिला आकडा लिहिताना लोक हमखास लबाडी करतात, क्लच विसरतात. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच त्या यादीत घाला.

स्टॉक सामान जपून ठेवलेलं असेल तर वाढवलेले पार्ट सुटे विकून बऱ्यापैकी वसूल होतात. स्टॉक सामान भंगारात दिलं असेल तर ते परत जमवण्याचा खर्चही दुसऱ्या आकड्यात धरा.

शेल (बॉडीचा सांगाडा) न बघणं

खरा निकाल इथे लागतो. इंजिन बांधता येतं, वायरिंग नव्याने ओढता येतं. सडलेली किंवा वाकलेली बॉडी मात्र परवडत नाही. गाडी लिफ्टवर घ्या. जॅक लावायच्या जागा, दाराखालच्या पेट्या, सबफ्रेमचे जोड आणि सस्पेन्शन टॉवर बोथट स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा आत गेला तर पुढचं मोजायची गरज नाही. पेंट थिकनेस मीटरवर कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. हजाराच्या वर गेला की खाली पुट्टी आहे. फार खाली बसवलेल्या, कडक स्प्रिंगच्या गाडीत टॉवरच्या वेल्डजवळ केसासारख्या चिरा शोधा, बाहेरून रंग चकचकीत असला तरी.

बोल्टने लावलेलं काढता येतं. कापलेलं, वेल्ड केलेलं परत येत नाही. कापलेले फेंडर आणि वेल्ड केलेला रोलकेज असलेली गाडी आता स्टॉक गिऱ्हाइकाची राहिलेली नाही, तेव्हा ती हौशी माणसालाच विका किंवा स्वतःच ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

बॅटरी रोज उतरते म्हणून गाडी विकू नका. दारं बंद करून तासभर थांबा, निगेटिव्ह टर्मिनलशी मल्टीमीटर १० अँपियरवर सिरीजमध्ये जोडा. मीटर जोडताना जाग्या झालेल्या मॉड्यूलना पुन्हा झोपू द्या आणि मग वाचा. ५० मिलिअँपियरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. चोर बहुतेक वेळा अ‍ॅम्प्लिफायर किंवा अलार्म निघतो.

हेडलाइट मंद आहेत म्हणून मूळ वायरिंगवर १०० वॉटचे बल्ब घालणं थांबवा. दोन बल्ब मिळून १६ अँपियरच्या वर ओढतात, स्विच वितळतो. रिले लावा, फ्यूज बॅटरीजवळ ठेवा.

टायर आतून झिजतायत म्हणून सस्पेन्शनला शिव्या देण्याआधी टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली आहेत का) मोजा. लोक कॅम्बरला (चाकाच्या कलण्याला) दोष देतात, टायर खरा खातो तो टो.

खाली बसवलेल्या स्प्रिंगसोबत जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठेवून 'गाडी आदळते' ही तक्रार करू नये.

चाक बाहेर काढणारे स्पेसर लावले असतील तर नट किती फेरे बसतो ते मोजा. एम १२ × १.५ च्या स्टडवर किमान ८ पूर्ण फेरे हवेत. कमी असतील तर ट्रायलच्या आधी स्पेसर काढा.

नवी स्टॉक गाडी घेऊन पहिल्याच महिन्यात इनटेक मागवणार असाल तर जुनीच दुरुस्त करा.

विमा कंपनीला मॉडिफिकेशन कळवलेलं नसेल तर क्लेम अडकू शकतो, ते आधी निस्तरा. आणि विकताना लावलेल्या पार्टची यादी, मॅपची फाइल आणि कॉम्प्रेशनचे आकडे एका कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. ते बघून भाव न करता निघून जाणारा माणूस ही गाडी सांभाळणारा नव्हताच.